इनामगाववर गेम करायचा तर आधी बियाणं मोजा

प्रश्न असा आला आहे. पुण्यातले तिघे मित्र, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आठ महिने राबून ते प्राचीन संस्कृती उभारण्याचा स्ट्रॅटेजी गेम बनवत आहेत. विषय इनामगाव, उत्खननात सापडलेलं तीन हजार वर्षांहून जुनं गाव. नकाशा झाला, २२ इमारती झाल्या, ७० शोधांचा तक्ता झाला, शेजारच्या टोळ्यांशी लढाईही चालते. पण जो खेळायला बसतो तो दहा मिनिटांत उठतो. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जिथे राजवाडा नाही, पिरॅमिड नाही, नाव माहीत असलेला एकही राजा नाही, अशा गावात खेळणाऱ्यानं उभारायचं तरी काय? आणि जे गाव शेवटी उतरणीला लागलं, त्याचा गेम जिंकायचा कसा? शेवटी एक वाक्य आहे: ‘की सरळ सातवाहनांवर जाऊ?’

जाऊ नका. सातवाहन कुठे पळून जात नाहीत. नाणेघाट, नाणी, व्यापारी मार्ग यांवर पुढे हवा तेवढा मोठा गेम करता येईल. पण आज तुमच्या गेममध्ये जे अडलंय ते राजा आणल्यानं सुटणार नाही. आत्ता गाव कंटाळवाणं आहे, मग राजधानी कंटाळवाणी होईल, आणि चित्रं काढायचा खर्च दसपट.

मी १७ वर्षं पुण्यात गेम डिझाईनचं काम करतो. त्यातली बरीचशी बांधकाम आणि व्यवस्थापनाच्या गेम्समध्ये गेली. त्यातल्या एका गेमवर आम्ही दोन वर्षं घातली आणि तो लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. साठच्या वर इमारती तयार होत्या, चित्रं देखणी होती. कोठारातलं धान्य संपलं तर काय होतं, हे मात्र आम्ही शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. वर कोपऱ्यातला एक आकडा लाल व्हायचा, एवढंच. तुम्ही पाठवलेला नमुना मी दोन तास खेळलो आणि मला तोच लाल आकडा दिसला. तुमच्या गावात सगळं वाढतं. खाऊन काहीच संपत नाही, आणि संपलं तरी कुणाचं बिघडत नाही.

आधी मोठ्या गेम्सनी हा प्रश्न कसा हाताळला ते बघू, कारण तुम्ही दोन वेगळ्या जातींचे गेम एकत्र कालवलेत.

१९९७ च्या एज ऑफ एम्पायर्समध्ये अन्न, लाकूड, दगड आणि सोनं अशा चार गोष्टी गोळा करायच्या असतात. ५० अन्न दिलं की एक गावकरी तयार होतो. त्यानंतर तो माणूस जन्मभर जेवत नाही. साठवलेलं अन्न कुजत नाही, त्याला उंदीर लागत नाहीत. त्या गेमचा जीव लढाईत आणि वेगात आहे, म्हणून तिथे हे बरोबरच आहे. अन्न ही तिथे सैन्य विकत घ्यायची नाणी आहेत. तुम्ही अन्नाचा हा नियम उचललात, पण लढाई तुमच्या गेममध्ये नावापुरती आहे. मग अन्न कशासाठी गोळा करायचं?

तुमच्या विषयाला जवळचा गेम म्हणजे १९९९ चा फॅरो. २०२३ मध्ये त्याचा नवा अवतार आला आहे. तिघांनी मिळून एक रविवार त्याच्यावर घालवा. तिथे नाईलच्या पुराच्या जमिनीवर शेतं असतात. खऱ्या नाईलचा पूर इथिओपियाच्या डोंगरांतल्या पावसाळ्यावर अवलंबून होता आणि इजिप्तच्या पंचांगाचे तीन ऋतूही त्या नदीवरच बेतलेले: पुराचा, पेरणीचा आणि कापणीचा. गेममध्ये पूर ओसरतो, पीक उभं राहतं, पुढच्या पुराआधी कापणी होते आणि त्या धान्यावर वर्ष काढायचं असतं. पूर कसा येणार याचा अंदाज आधी मिळतो. तो कमी असल्याचं कळलं की पोटात गोळा येतो, कारण मधे काही महिने हातात काहीच नसतं. शिवाय शेतावर राबणारे आणि पिरॅमिडचे दगड ओढणारे मजूर एकाच छावणीतून येतात. देवळं, पिरॅमिड, सोनं हे सगळं त्या एका ताणावर उभं आहे.

फॅरोमधली आणखी एक गोष्ट बघा. बाजारातली बाई कोठाराकडे चालत जाते, धान्य घेऊन येते आणि दुसरी बाई गल्लीतून फिरत घरोघरी वाटते. एखाद्या गल्लीत ती पोहोचली नाही की तिथली घरं खालावतात. चूक कुठे झाली ते नकाशावर डोळ्यांनी दिसतं, तक्ता उघडावा लागत नाही. तुमच्या गेममध्ये धान्य शेतातून नाहीसं होतं आणि आकड्यात उगवतं. तुमच्याकडे माणसं थोडी आहेत, घरं थोडी आहेत. डोक्यावर पाटी घेतलेली बाई शेतापासून कणगीपर्यंत चालत जाताना दाखवणं तुम्हाला सहज परवडेल.

आता इनामगाव. तुम्ही वाचलंय ते मला माहीत आहे, तरी डिझाईन करणाऱ्याच्या नजरेनं पुन्हा सांगतो. शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात हे गाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. वस्तीचे तीन काळ, त्या त्या संस्कृतीच्या नावानं: माळवा साधारण इ.स.पू. १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १०००, उत्तर जोर्वे १००० ते ७००. सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. मुख्य धान्य जव. सोबत मसूर, कुळीथ, बोरं. पूर्व जोर्वे काळात नदीचं पाणी वळवणारा पाट होता आणि दगडमातीचा बांध होता. पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. चौकोनी घरं ओळीनं, मधून बोळ. आणि मग उत्तर जोर्वे काळात ती चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, घोळक्या-घोळक्यानं. शेती मागे पडते, शेळ्यामेंढ्या आणि शिकार पुढे येते.

पाट, कोठार, मोठं घर, ओळीतली घरं, गोल झोपड्या. पाच गोष्टी. तुमच्या २२ इमारतींमधल्या बाकीच्या सगळ्या आज बाजूला ठेवा. संगणकही बंद करा. वाटीभर चिंचोके घ्या.

एका मोठ्या कागदावर नदी काढा. काठाला आठ शेतं आणि आठ घरं. खरं गाव याहून कितीतरी मोठं होतं, पण आठ घरांचा हिशोब डोक्यात मावतो. एक चिंचोका म्हणजे एका घराचं एका हंगामाचं धान्य. हंगाम तीन: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. म्हणजे आठ घरांना वर्षाला २४ चिंचोके खायला. प्रत्येक शेताला एक चिंचोका बी, ते ८. वर्षाची गरज ३२.

आता फासा टाका. १ किंवा २ पडले तर वाईट वर्ष: शेतामागे एकच चिंचोका, गावाला मिळून ८. ३ किंवा ४ पडले तर मध्यम: शेतामागे ४, मिळून ३२. ५ किंवा ६ पडले तर चांगलं: शेतामागे ६, मिळून ४८. तिन्हींची सरासरी काढा. २९ च्या थोडी वर येते. गरज ३२. म्हणजे नुसत्या पावसाच्या भरवशावर हे गाव हळूहळू मरतं, आणि खेळणाऱ्याला पहिल्या पाच-सहा वर्षांतच ते हाताला जाणवतं. तुम्ही समजावून सांगायची गरज नाही.

मग पाट. एका उन्हाळ्यात चार घरांनी खणायचा. खणणारी माणसं जास्त खातात, म्हणून त्या हंगामात त्या घरांना दुप्पट, ४ चिंचोके जादा. पाट झाला की काठची चार शेतं वाईट वर्षातही ३ देतात. आता वाईट वर्षाचं उत्पन्न ८ वरून १६ वर गेलं. पुन्हा सरासरी काढा: १६, ३२, ४८. बरोबर ३२. गाव नेमकं काठावर आलं.

इथे एक नियम घाला आणि गेम जिवंत होतो. वर्षाअखेरीला साठ्यातल्या दर आठ चिंचोक्यांमागे एक काढून टाका. ओल, कीड, उंदीर.

समजा चांगलं वर्ष आलं. ४८ मधून ३२ गेले, १६ शिल्लक. त्यातले २ नासले, १४ राहिले. पुढचं वर्ष वाईट. पाटामुळे १६ आले, गरज ३२, तूट १६. साठ्यात १४. दोन चिंचोके कमी.

फक्त दोन. माझ्या अनुभवात कागदावरच्या खेळात इथे माणसं बोलायची थांबतात. दोन चिंचोके कुठून आणायचे? पेरायच्या बियातले खाल्ले तर पुढच्या वर्षी दोन शेतं पडीक, आणि ते वर्ष मध्यम निघालं तरी ८ कमी येणार. एक घर मेंढरं घेऊन दोन हंगाम बाहेर पाठवलं तर नेमके २ वाचतात. पण उन्हाळ्यात पाटातला गाळ काढायला तेवढे हात कमी, आणि गाळ राहिला तर पुढच्या वर्षी चारऐवजी तीनच शेतांना पाणी. शेजारच्या गावाकडून दोन उसने घेतले तर पुढच्या सुगीला तीन परत करायचे. तिन्ही मार्ग खरे आहेत आणि तिन्हींची किंमत वेगवेगळ्या वेळी मोजायची आहे. प्रसिद्ध गेम डिझायनर सिड मायर गेमची व्याख्या करताना रंजक निर्णयांची मालिका असं म्हणतात, ती हीच जागा. तुमच्या ७० शोधांच्या तक्त्यात असा एकही निर्णय मला सापडला नाही. तिथे प्रत्येक चौकोन दाबायचाच असतो, प्रश्न फक्त आधी कुठला एवढाच.

उसनवारीचा मार्ग मला सुचला नव्हता. चार वर्षांपूर्वी असाच एक कागदी खेळ मी माझ्या आत्यापुढे मांडला होता. तिचं सगळं आयुष्य दौंडकडच्या शेतीत गेलं. मी तिला म्हटलं, ‘‘आत्या, दोन कमी पडतायत. बी खायचं की माणसं बाहेर धाडायची?’’ तिनं चिंचोके माझ्याकडे सरकवले. ‘‘बी कुणी खातं का रे? आधी शेजारच्या गावात विचारून ये. बहिणी तिकडं दिल्यात त्या कशासाठी?’’ तिनं एका वाक्यात शेजारचं गाव नकाशावर आणलं, आणि तेही नात्यातून. तुमच्या नमुन्यात शेजारी म्हणजे फक्त हल्ला करणाऱ्या टोळ्या आहेत. इनामगावच्या उत्खननातून पुढे येणारी गोष्ट लढायांची नाही. तिथे शंखाच्या वस्तू मिळाल्या आहेत, आणि शंख समुद्राचा. म्हणजे घाट ओलांडून काहीतरी देवाणघेवाण चालू होती. लढाईचा भाग काढून टाका आणि त्या जागी उसनं, सोयरीक आणि देवाणघेवाण आणा. काम कमी होईल.

खेळणारा नेमका कोण, हेही ठरवा. फॅरोमध्ये तो वरून हुकूम देणारा आहे. इथे मला तो मोठ्या घराचा माणूस हवा, ज्याच्या अंगणाला लागून कोठार आहे. प्रत्येक घराची आपली कणगी असते आणि सुगीनंतर त्यातला वाटा कोठारात येतो. वाटा किती घ्यायचा ते खेळणारा ठरवतो. जास्त घेतला तर वाईट वर्षाची सोय होते, पण घरातल्या कणग्या रिकाम्या पडतात आणि माणसं रात्रीतून गाव सोडतात. कमी घेतला तर सगळे खूश, आणि वाईट वर्षी कोठारात नुसती धूळ. पाटाचं पाणी चारच शेतांना पोहोचतं. ती चार कुणाची? दरवर्षी पाळी फिरवायची की ज्यांनी खणला त्यांनाच द्यायचं? धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, तिच्याबद्दल वाचा. पाण्याच्या पाळ्या आणि त्या सांभाळणारा पाटकरी ही व्यवस्था गावानं स्वतः कशी चालवली ते कळेल. ती इनामगावानंतर कितीतरी शतकांनी आलेली आहे, त्यामुळे तिचे शब्द आणि नियम जसेच्या तसे उचलू नका. पाण्यावरून माणसं कशी वागतात, एवढं तिथून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्याच्यासाठी मी हे एवढं लांब लिहायला बसलो. उतरणीला लागलेल्या गावाचा गेम जिंकायचा कसा?

तुम्ही उत्तर जोर्वे काळाला ‘पराभवाचा टप्पा’ असं नाव दिलंय. पडदा काळपट होतो, संगीत रडकं होतं, गोल झोपड्या आल्या की लोकसंख्येचे गुण कापले जातात. हे बदला. चिंचोक्यांनी हिशोब करून बघा म्हणजे का ते कळेल.

तिसऱ्या टप्प्यात फासा बदला. १, २, ३ वाईट. ४, ५ मध्यम. ६ एकटा चांगला. पाट धरून सरासरी काढा: २७ च्या आत येते. आठ घरांची गरज ३२. म्हणजे कितीही हुशार माणूस बसला तरी आठ घरं शेतीवर राहू शकत नाहीत. आता चारच घरं ठेवा, चारही पाटाच्या शेतांवर. गरज १६, सरासरी १५ च्या थोडी वर. मेंढरांची आणि शिकारीची थोडी जोड मिळाली की निभतं. उरलेली चार घरं मेंढरांमागे, वर्षातले काही महिने बाहेर. त्यांना पक्क्या चौकोनी घराची गरज काय? लवकर उभी राहणारी गोल झोपडी बरी. बघा, उत्खननात दिसणारा तो बदल तुमच्या कागदावर आपोआप घडला. कुणी हरलं नाही. त्या माणसांनी जगायचा मार्ग काढला आणि आणखी ३०० वर्षं काढली. तीनशे वर्षं टिकलेल्या व्यवस्थेला पराभव म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून शेवटच्या टप्प्यात गुण लोकसंख्येवर देऊ नका. पावसाळ्याच्या तोंडाला किती घरं पेरणीसाठी परत आली, यावर द्या. बाहेर गेलेलं घर परत येणं हाच तुमचा विजय. ते येतं की नाही हे आधीच्या दोन टप्प्यांत खेळणाऱ्यानं त्यांना कसं वागवलं यावर ठरू द्या: पाण्याची पाळी दिली का, वाईट वर्षी कोठार उघडलं का.

आणि फासा बदललाय हे खेळणाऱ्याला सांगू नका. हा माझा ठाम आग्रह आहे. पडद्यावर ‘हवामान कोरडे होत आहे’ अशी पाटी आली की सगळं संपलं. त्या माणसांना अशी पाटी दिसली नव्हती. त्यांना दिसलं असेल ते असं, की डोह पूर्वी उन्हाळाभर टिकायचा, आता आधीच तळ दिसतो. तेवढंच दाखवा. नदीच्या चित्रातलं पाणी थोडं थोडं लवकर आटू द्या. लक्ष देणाऱ्याला कळेल, न देणाऱ्याला दोन वाईट वर्षांनंतर कळेल. शेती मागे पडण्याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान, ही मांडणी ढवळीकरांची आहे. सगळे अभ्यासक तिच्याशी सहमत नाहीत. गेममध्ये ती एक मांडणी म्हणून वापरा आणि सुरुवातीच्या माहितीत तसं स्पष्ट लिहा.

मृतांचा विषय तुम्ही टाळलाय. भीती समजू शकतो, पण टाळू नका. इनामगावला लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडं जुळवून घराच्या जमिनीखाली पुरलेलं आहे. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला एक माणूस मात्र पाय शाबूत असलेला. तो मोठ्या मानाचा असावा. यातून भयपट करू नका. गेममध्ये एखादं मूल गेलं की त्या घराच्या जमिनीवर एक लहानशी खूण उमटू द्या, बाकी काही नको. पुढे ते घर सोडून जायची वेळ आली की ती खूण तिथेच राहते. खेळणारा ती विसरणार नाही.

देवीचंही तसंच. मातीच्या डबीत ठेवलेली शीर नसलेली स्त्रीमूर्ती आणि सोबत बैल, अशी एक सुंदर वस्तू तिथे मिळाली. तुमच्या नमुन्यात तिची पूजा केली की उत्पन्न दहा टक्के वाढतं. काढा ते. श्रद्धेला टक्के लावले की खेळणारा देवीकडे खताच्या पोत्यासारखं बघतो. पेरणीआधी डबी जमिनीखाली ठेवायची की नाही हे खेळणाऱ्यावर सोपवा, आणि उत्पन्नावर काहीही परिणाम करू नका. वाईट वर्षांनंतर माणसं आपणहून ती ठेवायला लागतात. मी हे पाहिलंय.

चित्रकारासाठी थोडं. तुमच्या अंगणात लाल मिरच्या वाळत आहेत. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका हे सगळं अमेरिकेतून आलं, इनामगाव उठल्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. लोखंडी नांगराचा फाळ काढा, हे ताम्रपाषाण युग आहे. तांबंही जपून वापरायची चीज, रोजची पाती गारगोटीसारख्या दगडाची. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, चोपलेली जमीन. भांडी मात्र मनापासून काढा: तांबड्या अंगावर काळी नक्षी, तोटीची भांडी, मधे धार असलेले वाडगे. जोर्वेची भांडी हे त्या माणसांचं खरं वैभव आहे. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जाऊन ती प्रत्यक्ष बघा. छायाचित्रावरून काढलेलं भांडं आणि समोर उभं राहून काढलेलं भांडं यांत फरक पडतो. लिखाण सापडलेलं नसल्यानं त्यांची भाषा माहीत नाही, म्हणून पात्रांना संस्कृत नावंही नकोत. ‘पाटाकडचं घर’, ‘बोरीखालचं घर’ अशी ओळख पुरे.

वेळेचं गणित साधं आहे. प्रत्येक काळातली एक पिढी घ्या, २० वर्षं. वर्षाला तीन हंगाम म्हणजे ६० खेळ्या, तीन टप्प्यांच्या १८०. खेळीला दीड मिनिट धरलं तर साडेचार तास. पहिल्या गेमला हे भरपूर आहे. ९०० वर्षं सलग खेळवायच्या नादी लागू नका.

गेम बनवायचं इंजिन (गोडो, युनिटी) तुम्हाला येतं ते वापरा. एकच सावधगिरी: गेम मराठीत ठेवायचा असेल, आणि ठेवाच, तर जोडाक्षरं आणि वेलांट्या पहिल्याच आठवड्यात तपासा. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात ती मोडते आणि वेगळी सोय करावी लागते. हे शेवटी कळलं तर सगळे संवाद पुन्हा बसवावे लागतात.

पुण्यात बसून असं काही जगापुढे नेता येतं का, अशी शंका तुमच्या एका मित्राला आहे. २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा. तो स्ट्रॅटेजी नाही, लढाई आणि कोड्यांचा आहे, पण इथल्याच मातीतल्या कल्पनांवर उभा आहे आणि जगभर खेळला गेला.

पुढचे तीन आठवडे कोड लिहू नका. चिंचोक्यांचा खेळ निदान १५ जणांबरोबर खेळा, आणि त्यातले निम्मे तरी गेम न खेळणारे असू द्या. घरातली वडीलधारी माणसं, कुणाचे गावाकडचे काका, हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी. काही समजावू नका, कुणाची चाल चुकली असं म्हणू नका, फक्त बघा आणि लिहून ठेवा. दोन चिंचोके कमी पडले तेव्हा कुणी काय केलं, किती वेळ थांबून केलं, आणि तुम्ही न दिलेला कुठला मार्ग मागितला. ती वही घेऊन या, मग तिसऱ्या टप्प्याचा फासा आपण एकत्र बसून ठरवू.